एक्सचेंजवर हॉर्स रेसिंग ट्रेड करायचंय? मग रेसच्या आधीची ही तयारी नीट करा

सगळ्यात आधी क्लिअर करतो, कुठला घोडा जिंकेल हे ओळखायचं कसं याबद्दल हा लेख नाहीये. एक्सचेंज म्हणजे जिथे लोक बुकीशी नाही, एकमेकांशी पैज लावतात ती साइट. रेस सुटायच्या आधी एक्सचेंजवर ट्रेड करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना कोण जिंकलं याच्याशी काही देणंघेणं नसतं, घोडे स्टॉलमधून (जिथून रेस सुटते ते कप्पे) बाहेर पडायच्या आत हे लोक आपला हिशोब मिटवून मोकळे झालेले असतात. त्यांचा सगळा खेळ भाव किती वर गेला किती खाली आला यावर. आणि माझं स्पष्ट मत असं की या खेळातलं खरं काम सकाळी होतं, दुपारी स्क्रीनसमोर बसल्यावर फक्त सकाळी ठरवलेलं पाळायचं असतं.

मी इथे ब्रिटन आणि आयर्लंडच्या रेसिंगबद्दलच बोलतोय, कारण या पद्धतीला लागतो तेवढा पैसा तिथल्या मार्केटमध्ये फिरतो. बेटफेअर हे एक्सचेंज २००० साली सुरू झालं आणि आजही सगळ्यात जास्त पैसा तिथेच असतो, बेटडॅक, स्मार्केट्स, मॅचबुक हेही आहेत पण शिकायचं असेल तर जिथे गर्दी तिथेच शिकावं. तुम्ही ब्रिटनमध्ये राहता आणि १८ पूर्ण आहात असं धरून लिहितोय. भारतात असं एक्सचेंज वापरणं कायदेशीर नाही, आणि व्हीपीएन लावून खातं उघडणं एक्सचेंजच्या नियमातही बसत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊच नका.

आधी गणित, बाकी सगळं नंतर

भाव म्हणजे एका पाउंडामागे, लावलेला पाउंड धरून, जिंकल्यावर किती हातात येतात, आणि स्टेक म्हणजे लावलेली रक्कम. बॅक म्हणजे घोडा जिंकेल यावर पैसे लावणं, ले म्हणजे जिंकणार नाही यावर. ले करताना तुम्ही बुकीच्या खुर्चीत बसलेले असता, त्यामुळे तुमची जोखीम स्टेकएवढी नसते, भावातून एक वजा करायचा आणि स्टेकने गुणायचं ती तुमची लायबिलिटी. २० पाउंडचा ले ८.० ला केला तर घोडा जिंकल्यावर १४० पाउंड जातात. नवीन माणूस ले म्हटलं की २० पाउंडच डोक्यात ठेवतो आणि तिथेच फसतो.

आता ट्रेड कसा होतो बघा. समजा एका घोड्याला ४.६ ला २० पाउंडने बॅक केलं, भाव ४.४ वर आला. आता ले किती रुपयांचा, सॉरी, किती पाउंडांचा करायचा? २० गुणिले ४.६ भागिले ४.४, म्हणजे २०.९१. एवढा ले केला की कुठलाही घोडा जिंकू दे, तुम्हाला साधारण ९१ पेन्स सुटतात. उलटं झालं, भाव ४.८ वर गेला, तर १९.१७ चा ले करून बाहेर पडायचं आणि ८३ पेन्सचा तोटा घ्यायचा. याला ग्रीन-अप किंवा हेज म्हणतात, सॉफ्टवेअर हे एका क्लिकवर करतं, पण वहीवर वीस-पंचवीस वेळा हाताने करून बघा, मगच क्लिक करा, कारण चुकीचा आकडा आला तर तो डोळ्यांना लगेच खटकायला हवा.

फायद्यातून कमिशन जातं, आणि ते त्या मार्केटमधल्या निव्वळ फायद्यावर असतं. तुमच्या खात्याला कुठला दर लागू आहे हे ट्रेड करायच्या आधी बघून ठेवा, ५ टक्के धरले तर वरचे ९१ पेन्स ८६ होतात. तोट्यावर काही सवलत मिळत नाही. म्हणजे जिंकलेल्या आणि हरलेल्या रेसची संख्या सारखी आणि टिक (भावाच्या पायऱ्या) पण सारखे असले तरी महिनाअखेरीला हा आतबट्ट्याचा व्यवहार होतो, हे आत्ताच पचवून घ्या.

टिक म्हणजे भावाची एक पायरी, आणि सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात हे फार लोक उशिरा लक्षात घेतात. बेटफेअरवर २ पर्यंत पायरी ०.०१ ची, २ ते ३ मध्ये ०.०२, ३ ते ४ मध्ये ०.०५, ४ ते ६ मध्ये ०.१, ६ ते १० मध्ये ०.२, १० ते २० मध्ये ०.५, त्याच्या वर अजून मोठ्या. याचा परिणाम पैशात बघा: १०० पाउंडने ४.१ ला बॅक आणि ४.० ला बाहेर, एक टिक, २ पाउंड ५० पेन्स. तेच ४.० ला बॅक आणि ३.९५ ला बाहेर, तोही एकच टिक, पण १ पाउंड २७ पेन्स, जवळपास निम्मे. आणि ११ वरून १०.५ ला आलं तर एका टिकमध्ये ४ पाउंड ७६. म्हणून "मी रोज अमुक टिक कमावतो" असं कुणी सांगितलं की कुठल्या भावाचे हे विचारा. ही जोडाची ठिकाणं, २, ३, ४, ६, १०, इथे भाव बऱ्याचदा अडखळतो, दोन्हीकडे पैसा साठतो, तेव्हा सकाळीच बघून ठेवायचं की आपल्या रेसचा फेव्हरिट, म्हणजे सगळ्यात कमी भावाचा घोडा, कुठल्या जोडाजवळ उभा आहे.

खातं, पैसे, सॉफ्टवेअर

खातं उघडताना ओळखपत्र आणि पत्त्याची पडताळणी होते, ती आधीच उरकून घ्या. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डने जुगाराचे पैसे भरता येत नाहीत, डेबिट कार्डसारखा मार्ग लागतो, आणि ते चांगलंच आहे. जिंकलेल्या पैशावर तिथे साध्या खेळणाऱ्याला टॅक्स नाही, मात्र हरलेलं कुठे वजाही दाखवता येत नाही. खात्यात तेवढेच पैसे टाका जे पूर्ण गेले तरी घरभाड्याला हात लागणार नाही, आणि पहिल्याच दिवशी डिपॉझिट लिमिट लावून टाका, डोकं शांत असताना लावलेलं लिमिट डोकं गरम झाल्यावर उपयोगी पडतं.

वेबसाइटवरून हे ट्रेडिंग होत नाही, म्हणजे होतं पण तुम्ही सगळ्यांच्या मागे असता. बेट एंजल, गीक्स टॉय अशी सॉफ्टवेअर आहेत, त्यात लॅडर असतो: मधे भावाची उभी शिडी, एका बाजूला बॅकचा पैसा, दुसऱ्या बाजूला लेचा, आणि कुठल्या भावाला किती मॅच झालंय (समोरचा मिळून सौदा पक्का झालाय) ते. दोन्हीत खोट्या पैशाने सराव करायची सोय आहे. सराव कराच, पण त्यात एक मेख आहे, सरावातला ऑर्डर खऱ्या रांगेत उभा नसतो. खऱ्या मार्केटमध्ये ४.५ ला तुमच्या आधी ८०० पाउंड उभे असतील तर आधी ते मॅच होणार मग तुमचा नंबर, आणि बऱ्याचदा नंबर येईपर्यंत भाव निघून जातो. सरावात मात्र ऑर्डर चटकन मॅच झाल्यासारखे दिसतात आणि माणूस स्वतःला हुशार समजायला लागतो. म्हणून सराव फक्त बोटांना सवय लागायला, त्यातल्या फायद्या-तोट्याकडे बघायचंच नाही.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी तपासा. स्टेकची बटणं छोटी ठेवा, आणि २ च्या शेजारी २०० चं बटण ठेवू नका. एका क्लिकवर ऑर्डर जाण्याची सोय चालू असेल तर माउस लॅडरवर आरामाला ठेवू नका. आणि रेस सुरू झाल्यावर मॅच न झालेले ऑर्डर रद्द होतील की पुढे चालू राहतील हा पर्याय बघा, प्री-रेसवाल्यांनी ते रद्द होतील असंच ठेवावं. इंटरनेट शक्यतो केबलचं.

सकाळचं रेसकार्ड

इथे वेळ घाला. ब्रिटनमध्ये फ्लॅट रेसचे (अडथळे नसलेल्या) घोडे साधारण ४८ तास आधी आणि जंप रेसचे (अडथळ्यांवरून उड्या मारायच्या) आदल्या दिवशी जाहीर होतात, त्यामुळे सकाळी सगळी यादी हातात असते. रेसिंग पोस्ट हे रेसिंगचं वर्तमानपत्र उघडा, दिवसाच्या सगळ्या रेस बघा आणि त्यातल्या बहुतेक काढून टाका. हो, काढून टाका, सकाळच्या कामाचा मोठा भाग म्हणजे कुठे हात घालायचा नाही ते ठरवणं.

काय काढायचं? पाच-सहा घोड्यांची रेस जिथे फेव्हरिट १.३ ला आहे, तिथे भाव हलायला जागाच नाही आणि हलला तर एकदम. पहिल्यांदाच धावणारी दोन वर्षांची पोरं भरलेली रेस, तिथे तबेल्यातल्या लोकांना माहिती असते, तुम्हाला नसते, भाव एकाच दिशेने सुसाट जातो. संध्याकाळच्या खालच्या क्लासच्या रेस, जिथे लॅडरवर पैसाच पातळ असतो, एका मोठ्या ऑर्डरने चार टिक उडतात. नवीन माणसाला चांगली रेस म्हणजे दुपारची, आठ ते बारा घोड्यांची हँडिकॅप (चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकून बरोबरी साधलेली रेस), फेव्हरिट ३ ते ६ च्या मधे, आणि पहिल्या दोन-तीन घोड्यांवर लॅडरच्या प्रत्येक पायरीवर भरपूर पैसा.

शनिवार आणि मोठे फेस्टिव्हल, मार्चमधलं चेल्टनहॅम, जूनमधलं रॉयल अस्कॉट, यांचं आकर्षण सगळ्यांना असतं कारण पैसा प्रचंड. पण शनिवारी चार-पाच कोर्सवर एकाच वेळी रेसिंग असतं, दोन रेसमध्ये कधी कधी पाच मिनिटंच मिळतात, एका रेसमधून बाहेर पडेपर्यंत दुसरी डोक्यावर. फेस्टिव्हलला पैसा इतका जाड असतो की भाव तासन्‌तास एकाच ठिकाणी रेटारेटी करत बसतो. शिकायला आठवड्याच्या मधल्या दुपारी बऱ्या, हे माझं मत, याला विरोध करणारे भरपूर भेटतील.

मग उरलेल्या रेसबद्दल थोडक्यात नोंदी करा. गोइंग म्हणजे मैदान किती ओलं-कोरडं, रात्री पाऊस पडून गुड टू फर्मचं (कोरड्याचं) सॉफ्ट (ओलं) झालं असेल तर ट्रेनर घोडे काढून घेतात, आणि उरलेल्यांत ओल्या मैदानावर पळणाऱ्यांचे भाव सकाळीच खाली येतात. केम्प्टन, वुल्व्हरहॅम्प्टन, न्यूकॅसल, लिंगफील्ड असे ऑल-वेदर (कृत्रिम पृष्ठभागाचे) ट्रॅक याबाबतीत शांत. ड्रॉ म्हणजे कुठल्या स्टॉलमधून सुटणार: चेस्टरचा ट्रॅक गोलगोल आणि अरुंद, तिथे कमी अंतराच्या रेसमध्ये आतल्या स्टॉलला फायदा आहे हे इतकं जगजाहीर आहे की ते भावात आधीच धरलेलं असतं, पण आतल्या स्टॉलमधला घोडा काढून घेतला तर बाकीच्यांचं गणित हलतं, आणि तेच तुम्हाला हवंय. जॉकी बदललाय का, घोड्याला पहिल्यांदाच ब्लिंकर (डोळ्यांची झापडं) घातलेत का, त्या ट्रेनरचे घोडे बाजारात नेहमी पैसा ओढतात का. रेस टीव्हीवर मोठ्या चॅनलला आहे का हेही लिहा, कारण पॅडॉकमध्ये (रेसआधी घोडे फिरवतात ती जागा) उभा असलेला कुणी "हा आज मस्त दिसतोय" म्हणाला की दोन-तीन टिक लगेच हलतात.

प्रत्येक रेससाठी एकच ओळ पुरे: कुठले दोन घोडे बघणार, भाव कुठल्या दिशेने जाईल असं वाटतं आणि का, कुठे चूक मान्य करून बाहेर. "का" ची जागा रिकामी राहिली तर ती रेस यादीतून काढा.

शेवटची दहा मिनिटं

पैशाचा मोठा लोंढा शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत येतो. त्याच्या आधी लॅडर नुसता बघा. सगळ्या घोड्यांच्या भावांचे टक्के (१०० भागिले भाव) एकत्र केले तर बेरीज १०० च्या आसपास राहते, मग एक चढला की दुसरा उतरणारच. फेव्हरिट २.५ वरून ३.० वर गेला म्हणजे ४० टक्क्यांचा ३३ झाला, ते सहा-सात टक्के कुठेतरी जाणारच. ते कुठल्या घोड्यात चाललेत हे बघणं म्हणजे निम्मं ट्रेडिंग. फक्त फेव्हरिटचा लॅडर उघडून बसणाऱ्याला हे दिसत नाही, किमान तीन लॅडर शेजारी शेजारी ठेवा.

लॅडरवर उभा असलेला पैसा आणि मॅच झालेला पैसा यात फरक करा. २००० पाउंडचा गठ्ठा दिसला म्हणून तिकडे धावू नका, असे गठ्ठे घाबरवायला ठेवले जातात आणि भाव जवळ आला की गायब होतात. मॅच झालेला पैसा मात्र खोटं बोलत नाही. आणि जो घोडा दहा मिनिटांपूर्वी ७ वर होता आणि आता ४.८ वर आलाय त्याला आता बॅक करणं म्हणजे वरातीमागून घोडं, ज्यांनी ७ ला घेतलंय ते बाहेर पडायला तुमचीच वाट बघतायत.

एक रेस समजा: वुल्व्हरहॅम्प्टन, ७ फर्लांगची हँडिकॅप, ९ घोडे. एक फर्लांग म्हणजे साधारण २०० मीटर. फेव्हरिट ३.८, दुसरा ५.०, तिसरा ७.०. सकाळची नोंद: फेव्हरिट मोठ्या गॅपनंतर येतोय, भाव फार खाली वाटतो, वर जाईल, ४.० चा जोड ओलांडला तर वेग घेईल. आठ मिनिटं बाकी, ३.८ आणि ३.९ मध्ये हेलकावे, काही करायचं नाही. पाच मिनिटं बाकी, ५.० वाला ४.८, ४.७, आणि तिथे खरोखर मॅच होतंय. आता फेव्हरिटला ३.९ वर १० पाउंडचा ले, लायबिलिटी २९ पाउंड. ठरलेलं स्टॉप (चूक मान्य करून बाहेर पडायची जागा) ३.८, म्हणजे दोन टिक, तोटा साधारण २६ पेन्स. भाव ४.० वर अडतो, मग ४.१, ४.२. तिथे ९ पाउंड २९ पेन्सने बॅक करून बाहेर, ७१ पेन्स सगळ्या घोड्यांवर. दोन मिनिटं अजून बाकी आहेत आणि भाव कदाचित ४.५ ला जाईल, जाऊ दे. कारण नोंदीतलं "का" आता संपलंय, पुढची हालचाल म्हणजे नुसता अंदाज.

आता हेच उलटं घडलं आणि भाव ३.८ ला आला, तर २६ पेन्स द्यायचे आणि लॅडर बंद करायचा. "रेस सुटू दे, हा घोडा कुठे जिंकतोय" हा विचार इथेच येतो, आणि २६ पेन्सच्या ऐवजी २९ पाउंड पणाला लागतात. ट्रेड चुकला म्हणून तो बेट करून टाकणं हा या क्षेत्रातला सगळ्यात महागडा रोग आहे.

स्टार्टजवळ काय काय होतं

जाहीर वेळेला रेस सुटतेच असं नाही. कुणाची नाल निघते, कुणी स्टॉलमध्ये जायला नकार देतो, मिनिट-दोन मिनिटं लांबतं. जंप रेसला स्टॉल नसतात, त्या वेळेआधी सुटल्यासारख्या अंगावर येतात. म्हणून लाइव्ह चित्र बघा, पण टीव्ही आणि स्ट्रीम काही सेकंद मागे असतात हे धरून चाला. शेवटचे दोन-तीन घोडे स्टॉलमध्ये जात असताना तुमची पोझिशन (न मिटवलेला सौदा) उघडी नको.

ऐनवेळी घोडा बाद झाला तर मोठी गडबड होते. मार्केट थांबतं, तुमचे मॅच न झालेले ऑर्डर रद्द होऊ शकतात, त्यात बाहेर पडायचा ऑर्डरही आला, आणि मॅच झालेल्या बेटचा भाव रिडक्शन फॅक्टरने (बाद घोड्यासाठी ठरलेल्या कपातीच्या टक्क्याने) कापला जातो. बाद घोड्याचा फॅक्टर २० टक्के असेल तर तुमचा ६.० चा बॅक ४.८ चा होतो. छोट्या फॅक्टरला, २.५ टक्क्यांच्या खाली, विन मार्केटमध्ये (कोण जिंकेल याच्या) कपात होत नाही. अशा वेळी मार्केट परत उघडलं की आधी आपली पोझिशन आत्ता नक्की काय आहे ते बघा, सरळ करा आणि त्या रेसपुरतं थांबा.

इन-प्ले, म्हणजे रेस चालू असतानाच्या ट्रेडिंगबद्दल एकच सांगतो, सुरुवातीचे महिने नको. ऑर्डरला साधारण एका सेकंदाचा विलंब असतो, तुमचं चित्र त्याहून मागे, आणि समोर कोर्सवर प्रत्यक्ष डोळ्यांनी रेस बघणारी माणसं.

नोंदी

खात्यातला फायदा-तोटा सॉफ्टवेअर देतंच, तुम्ही वेगळं लिहा: का शिरलो, ठरलेल्या जागी बाहेर पडलो का, नाही तर का नाही. ठरल्याप्रमाणे वागून झालेला तोटा आणि नियम मोडून झालेला फायदा वेगवेगळ्या रकान्यात टाका, दुसरा रकाना जास्त धोक्याचा. मोठा स्टेक कधी? काही शे रेस झाल्यावर कमिशन धरून आकडा शून्याच्या वर असेल तर, आणि तेव्हाही दुप्पट नाही, थोडा. बहुतेकांचा आकडा वर येत नाही हे खरं आहे, आणि तो येत नसेल तर २ पाउंडच्या स्टेकवरच ते कळलेलं बरं. झोपेतून उठून रेसकार्ड बघावंसं वाटायला लागलं, घरच्यांपासून आकडे लपवले जायला लागले, तर गॅमस्टॉपवर नाव नोंदवलं की ब्रिटनमधल्या सगळ्या लायसन्सवाल्या साइट एकदम बंद होतात, नोंदणी फुकट आहे आणि कालावधी कमीत कमी सहा महिन्यांचा.